बाळाचे दुपटे आणि धुण्याचा साबण

घरात तान्हे मूल आहे की नाही, हे कोणास विचारावे लागत नाही. अंगणातली दोरीच ते सांगते. ओळीने वाळणारे लंगोट, झबली, टोपडी आणि जुन्या लुगड्याची मऊ दुपटी दिसली, की या घरी पाळणा हलतो आहे हे येणाराजाणारा ओळखतो. आमच्या इच्छापुरात टेकडीच्या पायऱ्या चढून बाळाला इच्छादेवीच्या पायांवर घालतात, तेव्हाही त्याच्या अंगावर धुऊन घडी केलेले पांढरेशुभ्र झबलेच असते. स्वच्छ वस्त्र हा बाळाचा पहिला दागिना, असे आपण मानतो आणि ते योग्यच आहे. परंतु डोळ्यांस स्वच्छ दिसणारे वस्त्र बाळाच्या कातडीलाही स्वच्छ असते असे मात्र नाही. स्मरणिकेत देणगीदारांच्या याद्या आणि गतवर्षांचे वृत्तांत असावयाचेच. त्यांच्या जोडीला घरोघरी उपयोगी पडेल असेही काही असावे, म्हणून आम्ही हा लहानसा विषय निवडला आहे.

विषय निवडण्यास एक कारण घडले, ते प्रथम सांगतो. गोष्ट आमच्याच घरातली आहे. गेल्या एका उन्हाळ्यात आमची चार महिन्यांची नात रात्रंदिवस किरकिर करू लागली. मानेभोवती, काखेच्या कडेला आणि कमरेला जेथे लंगोटाची नाडी येते तेथे लालभडक पुरळ उठले. कोणी म्हणाले उष्णता आहे, कोणी म्हणाले नजर लागली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी मात्र एकमुखाने निकाल दिला, की आईच्या खाण्यात काहीतरी आले आणि ते दुधातून बाळाला बाधले. झाले! सूनबाईचे वरण बंद झाले, दूध बंद झाले, शेंगदाणे बंद झाले. भात, भाकरी आणि तूप, एवढ्यावर ती बिचारी तीन आठवडे राहिली. पुरळ तर गेले नाहीच, पण तिचे अंग उतरले, दूध कमी झाले आणि ती कोपऱ्यात बसून डोळे पुसू लागली. लेकरू आजारी, आणि अपराधी आपण, असे तिच्या मनाने घेतले.

शेवटी बाळाला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पुरळ पाहिले, आईच्या जेवणाविषयी एक शब्दही विचारला नाही. ते म्हणाले, "आजी, बाळाचे कपडे किती पाण्यातून काढता?" प्रश्न ऐकून आम्ही चकित झालो. दिवस वैशाखाचे, नळाला तीन-चार दिवसांनी पाणी यावयाचे. बाळाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर पावडरीत भिजत आणि सगळ्यांची खळबळ एकाच बादलीत होत असे. शिवाय बाळाचे कपडे म्हणून पावडर मूठभर जास्तच! त्या दिवसापासून कपडे वेगळे झाले, पावडर निम्म्यावर आली आणि आमच्या अंघोळीचे पाणी कमी करून बाळाच्या धुण्याला दोन बादल्या अधिक मिळाल्या. पंधरा दिवसांत कातडी निवळली. सूनबाईचे ताट पूर्ववत झाले ते मात्र त्याच दिवशी.

एका घरच्या अनुभवावरून शास्त्र बनत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून त्यानंतर जे वाचले, विचारले आणि पडताळून पाहिले, ते येथे क्रमाने देत आहोत.

कातडीची भिंत

माणसाच्या कातडीचा सर्वांत वरचा थर एखाद्या विटांच्या भिंतीसारखा असतो. चपट्या, निर्जीव पेशी या विटा, आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य हा चुना. आतला ओलावा बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरचे उपद्रवी पदार्थ आत येऊ न देणे, हे या भिंतीचे काम. मोठ्या माणसाच्या कातडीचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो. आम्लता मोजण्याच्या मापात ७ हा आकडा मध्यम. त्याखाली आम्ल आणि त्यावर क्षार. निरोगी कातडीचे माप साडेपाचाच्या आसपास किंवा त्याहूनही थोडे कमी असते. हा आंबटपणा भिंतीतला चुना टिकवून धरतो आणि घातक जंतूंना थारा देत नाही.

नवजात बालकाची कातडी मात्र जन्मतः जवळजवळ मध्यम असते आणि पुढील काही आठवड्यांत हळूहळू आम्ल होत जाते. तिचा वरचा थर पातळ असतो, आणि ओलावा ती लवकर गमावते. शिवाय वजनाच्या मानाने बाळाच्या कातडीचे क्षेत्रफळ मोठ्यांच्या दुपटीहून अधिक भरते. म्हणून कातडीवाटे जे आत शिरावयाचे त्याचे प्रमाणही बाळात अधिक. भिंत अजून बांधून पुरती व्हावयाची आहे आणि पाऊस मात्र सुरू झाला, अशी ही अवस्था आहे.

राख, रिठा आणि पावडर

आपल्या आज्या-पणज्या कपडे कशाने धूत? रिठ्याच्या फेसाने, लाकडाच्या राखेच्या पाण्याने, सज्जीखाराने. वड्यांचा साबण पुढे आला. विलायतेहून सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या त्या १८८८ साली. धुण्याची पावडर आपल्याकडे त्याहून पुष्कळ उशिरा आली. सर्फ १९५९ मध्ये बाजारात आली आणि १९६९ मध्ये अहमदाबादेस करसनभाई पटेल यांनी घरच्या घरी निरमा बनवून सायकलवरून विकावयास आरंभ केला. स्वस्त पावडर खेड्यापाड्यांत पोहोचली आणि धुण्याचे कष्ट पुष्कळ हलके झाले. ही सोय लहान नव्हे. तिचे ऋण मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे.

साबण तेल आणि क्षार यांच्या संयोगाने बनतो. पाण्यात विरघळला की त्याचे माप नऊ-दहापर्यंत जाते. धुण्याचा सोडा तर अकराच्या घरात. पावडरीत मळ सुटा करणारी कृत्रिम द्रव्ये, सोडा, सुवास, कापड उजळ दिसावे म्हणून चमक देणारे द्रव्य, आणि काहींत डाग पचविणारी पाचकद्रव्ये असतात. या सर्वांचे काम एकच, कापडावरचा तेलकट मळ सोडविणे. पण त्यांना मळातले तेल आणि बाळाच्या कातडीतले तेल यांतला फरक कळत नाही. कापड खळबळताना ही द्रव्ये पुरती निघून गेली, तर काही बिघडत नाही. ती धाग्यांत राहिली, तर घाम किंवा मूत्र लागताच पुन्हा विरघळतात आणि ओल्या कापडाखाली बाळाच्या कातडीतला चुना धुऊन काढू लागतात. त्यात कडक झालेल्या कापडाचे घासणे मिळाले, की कातडी लाल होण्यास वेळ लागत नाही.

रिठा झाडाचा म्हणून निरुपद्रवी, अशी समजूत करून घेऊ नये. त्याचा फेस डोळ्यांत गेला की काय होते, हे ज्याने न्हाऊन पाहिले त्यास सांगावयास नको. राखेचे पाणीही चांगलेच क्षारयुक्त असते. जुने म्हणजे सौम्य नव्हे आणि नवे म्हणजे विषारी नव्हे. राहिलेले म्हणजे मात्र खचित त्रासदायक.

पाणी कोणते, हेही पाहावे

आपल्या भागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी भुयारातून शहरात आणणारी ही योजना १६१५ मध्ये, अब्दुल रहीम खानखानान यांच्या काळात उभी राहिली. शंभरावर कुंड्या भुयाराने एकमेकींस जोडलेल्या आहेत. उद्वाहकाने खाली उतरले म्हणजे भुयाराच्या भिंतींवर पांढरे थर चढलेले दिसतात. ते पाण्यातून साचलेल्या चुन्याचे. चारशे वर्षे वाहणाऱ्या पाण्याने लिहून ठेवलेला हा दाखलाच म्हणावयाचा, की आपल्या भूमीतले पाणी चुना घेऊन येते. विहिरी आणि कूपनलिका यांच्या पाण्याची गोष्ट अनेक ठिकाणी अशीच असते. डाळ लवकर शिजत नाही, हंड्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो आणि साबणाला फेस येत नाही, ही जड पाण्याची घरगुती लक्षणे होत.

जड पाण्यात साबण चुन्याशी संयोग पावतो आणि न विरघळणारी चिकट साय तयार होते. बादलीच्या काठाला करडे कडे जमते ते हेच. ही साय कापडातही बसते, आणि कितीही पिळले तरी निघत नाही. दुपटे वाळल्यावर पापडासारखे ताठ होते. फेस येत नाही म्हणून आपण आणखी साबण घासतो, आणि कापडात आणखी साय बसते. पावडरीच्या कृत्रिम द्रव्यांची अशी साय होत नाही, हा त्यांचा गुण. पण जड पाण्यात धुतलेल्या कातडीवर तीही अधिक प्रमाणात चिकटून राहतात, असे प्रयोगांत दिसले आहे.

इंग्लंडमध्ये तीन महिन्यांच्या १३०३ बालकांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. जड पाण्याच्या वस्तीत राहणाऱ्या बालकांत इसबाचे प्रमाण अधिक आढळले. परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच देशात इसब असलेल्या ३३६ मुलांपैकी निम्म्यांच्या घरी पाणी मृदू करण्याचे यंत्र बसवून पाहिले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात यंत्रामुळे इसब बरे होण्यास काहीही अधिक साह्य झाले नाही. तात्पर्य, जड पाण्याने विकाराला वाट मिळत असेल. पण एकदा जडलेला विकार केवळ पाणी बदलून जात नाही. महाग यंत्र विकत घेण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे.

क्षोभ आणि वावडे

पुरळ उठले, की "साबणाची ॲलर्जी झाली" असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः येथे दोन वेगळे विकार आहेत, आणि त्यांचा भेद समजणे फार उपयोगाचे आहे.

पहिला क्षोभाचा. यात द्रव्य कातडीला प्रत्यक्ष इजा करते. कोणाच्याही कातडीला ते करील. प्रश्न फक्त प्रमाणाचा आणि वेळेचा. भांडी घासून घासून बायकांच्या बोटांना भेगा पडतात, तो हाच प्रकार. प्रमाण कमी केले, कापड नीट खळबळले, की हा विकार हटतो. धुण्याच्या द्रव्यांमुळे बाळांना जो त्रास होतो तो बहुतेक या जातीचा असतो.

दुसरा वावड्याचा, म्हणजे खऱ्या ॲलर्जीचा. यात शरीर एखाद्या द्रव्याला शत्रू मानून ओळखून ठेवते. पहिल्या भेटीत काहीच होत नाही. ओळख पटल्यानंतर मात्र ते द्रव्य अगदी थोडे लागले तरी एक-दोन दिवसांनी खाज, लाली, फोड उठतात. येथे प्रमाण कमी करून भागत नाही. ते द्रव्य टाळावेच लागते. सुवास आणि द्रव पदार्थ टिकविणारी काही औषधे यांत अग्रेसर आहेत. त्यांपैकी मेथिलआयसोथायाझोलिनोन या द्रव्याचा उपद्रव इतका वाढला, की अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली "वर्षातील प्रमुख ॲलर्जीकारक द्रव्य" म्हणून त्याची निवड केली. टिकविण्याची औषधे पाणीदार पदार्थांना लागतात. कोरड्या पावडरीला सहसा लागत नाहीत. म्हणून बाटलीतला द्रव तेवढा सौम्य आणि पावडर कडक, असे सरसकट म्हणता येत नाही.

धुण्याच्या पावडरीचे खरे वावडे मात्र आपण समजतो त्याहून पुष्कळ दुर्मिळ आहे. अमेरिका आणि कॅनडा येथील तज्ज्ञांनी सातशेहून अधिक त्वचारोग्यांच्या पाठीवर पावडरीच्या द्रावणाच्या पट्ट्या लावून पाहिल्या. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत शंभरांत एकालाही खात्रीचे वावडे निघाले नाही. पाचकद्रव्यांविषयीही मोठा बोभाटा झाला होता. त्याचे मूळ असे, की १९६९ मध्ये इंग्लंडात ती पावडर बनविणाऱ्या कारखान्यातील कामगारांना, धूळ श्वासावाटे जाऊन, दम्याचा विकार जडल्याचे उघड झाले. पुढे त्या द्रव्यांच्या कणांवर आवरण देण्याची रीत पडली. धुतलेल्या कपड्यांतून त्यांचा कातडीला तसा उपद्रव पुढील चाचण्यांत दिसून आला नाही.

बिब्ब्याची खूण

धुण्यातून होणाऱ्या खऱ्या वावड्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मात्र परदेशातले नसून आपल्याच परटाच्या घरचे आहे. ते म्हणजे बिब्बा. कोणाचे कापड कोणते हे ओळखण्यासाठी परीट बिब्ब्याच्या रसाने कपड्याच्या कोपऱ्यावर ठिपके देत. चुना लागला की ती खूण काळीभोर होते आणि कितीही धुतली तरी जात नाही. इंग्रजीत बिब्ब्याला मार्किंग नट, म्हणजे खूण करण्याचे फळ, असे नावच पडले. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या शिपायांच्या मानेवर आणि कमरेवर बरोबर खुणेच्या जागी फोड उठू लागले. अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी १९४३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि हा विकार वैद्यकाच्या पुस्तकांत "धोबी-खुणेचा त्वचादाह" म्हणून नोंदला गेला.

आपल्याला यात नवल वाटू नये. "बिब्बा उतला" म्हणजे काय, हे आपल्या घरात लहानथोरांस ठाऊक आहे. आंब्याचा चीक, काजूच्या टरफलातले तेल आणि बिब्ब्याचा रस एकाच कुळातले. एकाचे वावडे असलेल्यास दुसऱ्याचेही असू शकते. आज कपड्यांवर बिब्ब्याची खूण फारशी दिसत नाही. पण बिब्बा तापवून त्याचे तेल लेकराच्या अंगास लावण्याची घरगुती रीत अद्याप काही घरांत आहे. तान्ह्या मुलाच्या बाबतीत ती सोडून द्यावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे. त्याने कातडी भाजल्यासारखी होते, आणि डाग दीर्घकाळ राहतात.

कपड्यांवरील खुणेने बालकांना अपाय झाल्याचे याहूनही जुने उदाहरण लंडनचे आहे. १८८६ साली तेथील एका डॉक्टराने लिहून ठेवले, की नवजात मुले एकाएकी निळी पडू लागली. शोध घेता लंगोटांवर नुकतीच ठोकलेली शिक्क्याची शाई कातडीवाटे अंगात भिनत होती असे निघाले. आणि १९६७ मध्ये अमेरिकेत सेंट लुई येथे रुग्णालयाच्या धुलाईत वापरलेल्या एका जंतुनाशकाचा अंश लंगोटांत राहिला, त्यामुळे नऊ बालकांना घाम व ताप येऊन ती अत्यवस्थ झाली, दोन दगावली. कापडातले अंगात जाते, ते असे. ही उदाहरणे घाबरविण्यासाठी नव्हेत. बाळाच्या वस्त्रात काही राहू देऊ नये, एवढ्या एका गोष्टीसाठी दिली.

पुरळ कशाचे, ते कसे ओळखावे?

प्रत्येक पुरळ धुण्याचे नसते. किंबहुना बहुतेक नसतेच. म्हणून दोष साबणावर टाकण्यापूर्वी पुरळाची जागा नीट पाहावी.

धुण्याच्या द्रव्यांचे पुरळ कापड जेथे घट्ट बसते आणि घासते तेथे उठते: मान, काखेच्या कडा, कंबर, मांडीची वरची बाजू. उघडा चेहरा आणि तळहात बहुधा सुटतात. दुपट्यावर गाल टेकून झोपणाऱ्या बाळाचा एकच गाल लाल झाला, तर दुपट्याचा संशय घ्यावा.

लंगोटाचे पुरळ ढुंगणाच्या उंचवट्यांवर उठते. ओल, विष्ठा आणि घर्षण ही त्याची मुख्य कारणे. जांघेच्या घड्यांतही लाली गेली आणि भोवताली लहान लहान लाल ठिपके दिसले, तर बुरशीचा संसर्ग असण्याचा संभव असतो व त्याला औषध लागते.

घामोळे मानेवर, पाठीवर, घड्यांत बारीक दाण्यांसारखे येते आणि अंग गार झाले की दबते.

इसब बहुधा दोन-तीन महिन्यांनंतर गालांवर, कपाळावर, हातापायांच्या बाहेरच्या बाजूंवर सुरू होते, कमीजास्त होत राहते आणि पुष्कळदा घराण्यात दमा किंवा शिंकांचा विकार असतो. इसबाच्या मुलाला राहिलेला साबण अधिक झोंबतो. पण साबण हे त्याच्या इसबाचे मूळ नव्हे.

खरजेची खाज रात्री वाढते, बाळाच्या तळहात-तळपायांवरही फोड येतात आणि घरातली आणखी माणसे खाजवीत असतात. तेव्हा सर्वांनीच एका वेळी उपचार घ्यावे लागतात.

आईच्या जेवणाविषयी एवढेच सांगतो, की अंगावर पाजणाऱ्या आईचे वरण, दूध, भाजी तोडल्याने असे पुरळ जाते याला आधार नाही. आईची उपासमार मात्र निश्चित होते. डॉक्टरांनी तपासून सांगितल्याखेरीज तिच्या ताटातला एकही पदार्थ कमी करू नये.

काय करावे?

बाळाचे कपडे निराळे धुवावेत. पावडर मुठीने नव्हे, चमच्याने मोजून घ्यावी आणि ती आधी पाण्यात पुरती विरघळवून मग कपडे घालावेत. कोरडी पावडर कपड्यांवर शिंपडू नये. विष्ठेचे लंगोट आधी साध्या पाण्यातून काढून घेतले, तर साबण पुष्कळ कमी लागतो.

खळबळ निदान दोन स्वच्छ पाण्यांतून करावी. शेवटच्या पाण्याला फेस दिसेनासा झाला आणि कापड बोटांना बुळबुळीत लागेनासे झाले, म्हणजे काम झाले असे समजावे. उन्हाळ्यात पाणी तोटके असते, हे आम्ही विसरलो नाही. अशा वेळी पाणी वाढविता येत नसेल तर साबण घटवावा. एका मोठ्या बादलीत एकदा खळबळण्यापेक्षा तेवढेच पाणी दोन भाग करून दोनदा वापरले, आणि मध्ये कपडे घट्ट पिळून घेतले, तर साबण अधिक निघतो. शेवटचे पाणी घरच्या इतर धुण्याला कामी येते. पावसाचे पाणी साठविता आले तर उत्तमच. ते मृदू असते.

बारशाला आलेले नवे झबले प्रथम धुवावे आणि मगच अंगावर घालावे. सुरकुत्या पडू नयेत म्हणून कापडावर केलेल्या प्रक्रियेत आणि कच्च्या रंगांत कातडीला न मानवणारी द्रव्ये असू शकतात. या कामी जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचे पुष्कळदा धुतलेले दुपटे नव्या रेशमी झबल्याहून श्रेष्ठ होय. आपल्या आज्यांची ती रीत काटकसरीची होती, तशीच शहाणपणाचीही होती. कपडे उन्हात वाळवावेत. खळ, सुवासिक द्रव, कपडे मऊ करण्याचे द्रव आणि जंतुनाशक द्रव बाळाच्या कपड्यांना लावू नयेत. चांगले ऊन पुरेसे आहे.

खरोखर पावडरच कारण आहे का, हे घरी पाहावयाचे असेल तर एका वेळी एकच बदल करावा आणि दोन आठवडे वाट पाहावी. पावडर बदलली, तेल बदलले, अंघोळीचा साबण बदलला आणि आईचे जेवणही बदलले, तर गुण कशाने आला हे कोणास कळावे? अंघोळीला सौम्य साबण थोडाच वापरून नंतर ओलसर अंगावर खोबरेल तेलाचा हात फिरवावा. डाळीच्या पिठाने लाल झालेली कातडी चोळू नये.

काय करू नये?

पहिली गोष्ट, दुकानातून मलम आणून लावू नये. खाज लगेच थांबविणाऱ्या पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असते. त्याने कातडी आणखी पातळ होते, बुरशी आत वाढते, आणि लंगोटाखाली तर ते अधिकच शोषले जाते. २०१८ मध्ये भारत सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीखेरीज विकण्यास मनाई केली, ती उगाच नव्हे.

दुसरी गोष्ट कातडीची नसली तरी कपड्यांचीच आहे. पेटीत ठेवलेली जुनी झबली, लोकरीच्या कुंच्या आणि गोधड्या डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट बाळाला घालू नयेत. काही मुलांच्या रक्तात जन्मतः एका पाचकद्रव्याची उणीव असते. त्यांना या वासाने रक्तातील तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होते; प्रसंगी ती प्राणावर बेतते. ही उणीव बाहेरून दिसत नाही. म्हणून असे कपडे धुऊन, कित्येक दिवस उन्हावाऱ्यावर टाकून, वास पुरता गेल्यावरच वापरावेत. तान्ह्या बाळासाठी ते न वापरणे अधिक बरे.

तिसरी गोष्ट, पुरळातून पाणी किंवा पू येऊ लागला, फोड आले, कातडी सोलू लागली, ताप आला, किंवा बाळ दूध पिईना, तर घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. महिन्याच्या आतील बाळाच्या बाबतीत तर मुळीच वाट पाहू नये.

वाचकबंधुभगिनींनो, लेख संपविताना पुन्हा त्या अंगणातल्या दोरीकडे वळतो. आमच्या नातीचे पुरळ गेले. आता ती दोरीखाली धावते आणि वाळत घातलेली दुपटी ओढून पाडते. परंतु त्या तीन आठवड्यांत सूनबाईने जो दोष निमूटपणे सोसला, तो आठवला की आम्हांस अजून लाज वाटते. बाळाच्या अंगावर काही उठले, की घराने आधी आईकडे बोट दाखवावयाचे, ही आपली फार जुनी सवय. यापुढे असा प्रसंग आला, तर तिच्या ताटात डोकावण्याच्या अगोदर बादलीत डोकवावे, आणि दोन बादल्या पाणी आपण स्वतः ओढून द्यावे. एवढे जरी चार घरी घडले, तरी स्मरणिकेची ही पाने खर्ची पडल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.